थुकरटवाडीत आमचा वाडा कुठे?

'झी मराठी'वर २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'त नवा चित्रपट घेऊन नट-नट्या यायच्या. जुन्या चित्रपटांची विडंबने व्हायची. नव्याबद्दल मात्र कौतुकाखेरीज अक्षर नाही. परीक्षणाची जागा जाहिरातीने घेतली, तीही हसतहसत. प्रस्थापितांच्या व्यवहाराला हे धरूनच झाले.

माझा आक्षेप निराळा आहे. भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलू लागले तेव्हा आमच्या जऊळक्यात माणसे सुखावली. आपली बोली पडद्यावर आली! हे थोडे नव्हे. मुंबईच्या पाहुण्याला टोमणा हाणताना ती बोली शस्त्रासारखी चालते. पण अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रे पोस्टमन झालेले सागर कारंडे वाचू लागले, की कानी पडे ती प्रमाण मराठीच्या जवळची भाषा. म्हणजे हसायचे वऱ्हाडीत आणि रडायचे प्रमाण मराठीत. घरातला पहिला पदवीधर म्हणून कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या तोंडच्या 'काऊन'वर उठलेला हशा मला ठाऊक आहे.

शिवाय थुकरटवाडी हे गाव. त्यात सरपंच आहे, पोस्टमन आहे, बौद्धवाडा नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचीच बतावणी उचलली होती. लोक तिथेही पोट धरून हसत, पण ते हसू अस्पृश्यतेवर आणि देवभोळेपणावर रोखलेले असे. थुकरटवाडीच्या पाणवठ्यावर कोण येते, कोणाला थांबवले जाते, हा सवाल मी पाहिलेल्या एकाही भागात कोणी टाकला नाही.