जागतिक दारिद्र्याची कारणमीमांसा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा दरडोई दररोज ३ डॉलर अशी निश्चित केली. त्यापूर्वी ही रेषा २.१५ डॉलर होती. नव्या रेषेखाली जगातील सुमारे ८० कोटी माणसे येतात, असा बँकेचा अंदाज आहे. रेषा बदलली की गरिबांची संख्या बदलते आणि त्यामुळे या मोजणीच्या विश्वसनीयतेचा वाद जुनाच आहे. तथापि, रेषा कोठेही ओढली तरी दोन प्रश्न शिल्लक राहतात. एवढी माणसे दरिद्री का आहेत? आणि हे दारिद्र्य दूर करण्याची जबाबदारी कोणाची?

पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा व दुसरा नीतिशास्त्राचा, अशी विभागणी आपल्या अभ्यासक्रमांतून रूढ झाली आहे. ही विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे. दारिद्र्याचे कारण कोणते हे जो ठरवतो, तोच बहुधा जबाबदारीतून कोणाला वगळायचे हेही ठरवत असतो. प्रस्तुत लेखात या विषयावरील तीन प्रमुख पाश्चात्त्य भूमिकांची चिकित्सा करून, महाराष्ट्राच्या इतिहासातील काही दाखल्यांच्या आधारे त्यांच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका पीटर सिंगर यांची आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात येत असताना त्यांनी ‘फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ हा निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना आपले कपडे चिखलाने खराब होतील एवढेच होणार असेल, तर त्याला वाचवणे आपले कर्तव्य ठरते. मूल दूरदेशी असले म्हणून हे कर्तव्य कमी होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दान आणि कर्तव्य यांतील सोयीस्कर सीमारेषा त्यांनी पुसली, हे त्यांचे योगदान मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या मांडणीत मूल तळ्यात कसे पडले, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. तळ्याला कठडा का नव्हता आणि तो बांधण्याचे काम कोणाकडे होते, याची चौकशी तेथे अनावश्यक ठरते.

दुसरी भूमिका जॉन रॉल्स यांच्या ‘द लॉ ऑफ पीपल्स’ (१९९९) या ग्रंथात आढळते. एखाद्या समाजाच्या समृद्धीची कारणे मुख्यतः त्याची राजकीय संस्कृती, त्याच्या संस्था आणि लोकांची उद्यमशीलता यांत असतात, असे रॉल्स मानतात. म्हणून इतर समाजांवर साहाय्याचे कर्तव्य येते. पण ते मर्यादित असते आणि समाज सुव्यवस्थित झाला की संपते. येथे कारणांचा शोध आहे, परंतु तो देशाच्या सीमेवर येऊन थांबतो.

तिसरी भूमिका थॉमस पोगे यांची. ‘वर्ल्ड पॉव्हर्टी अँड ह्यूमन राइट्स’ (२००२) या ग्रंथात त्यांनी प्रश्नाची दिशाच बदलली. श्रीमंत राष्ट्रे गरिबांना मदत करण्यात कमी पडतात एवढेच नव्हे, तर अन्यायकारक नियम लादून ती त्यांची हानी करतात, असे ते म्हणतात. बळाने सत्तेवर आलेल्या हुकूमशहालाही देशाची खनिजसंपत्ती विकण्याचा आणि देशाच्या नावावर कर्ज काढण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय व्यवस्था देते. अशा व्यवस्थेत सत्ता बळकावणे किफायतशीर ठरते आणि कर्जाची परतफेड मात्र जनतेवर पडते.

पोगे यांच्यावरील नेहमीचा आक्षेप असा की, त्याच जागतिक व्यवस्थेत राहून चीनने गेल्या चार दशकांत कोट्यवधी लोकांना दारिद्र्याबाहेर काढले. मग दोष व्यवस्थेचा कसा? यावर पोगे यांनी वर्गाचे उदाहरण दिले आहे. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रगतीत फरक दिसतो, म्हणून शिक्षकाच्या अध्यापनाचा परिणाम होत नाही असे कोणी म्हणणार नाही. हे उत्तर आपणा अध्यापकांना सहज पटण्यासारखे आहे. मात्र त्यातून बाह्य कारण नाकारता येत नाही एवढेच सिद्ध होते. बाह्य नियम आणि गावातील दारिद्र्य यांच्यामध्ये कोणकोणते दुवे असतात, याचे पुरेसे विवेचन पोगे यांच्याकडे मिळत नाही. ते पाहण्यासाठी एक ऐतिहासिक प्रसंग उपयोगी पडतो.

दख्खनचे दंगे : कारणांची साखळी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला व शेतकऱ्यांनी कर्जे काढली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. याच सुमारास इंदापूरपासून जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू होऊन सारा वाढला. भाव उतरलेला, सारा चढलेला आणि पतपुरवठा बंद, अशा कोंडीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे व खतावण्या जाळल्या. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले.

या दंग्यांचे कारण काय म्हणावे? अमेरिकेतील युद्ध, लँकेशायरची मागणी, इंग्रजी सारावसुली, जमीन गहाण टाकण्याची व दिवाणी न्यायालयातून ती हिरावून घेण्याची कायदेशीर सोय, सावकाराची लबाडी आणि शेतकऱ्याची निरक्षरता, ही सारी कारणे एकाच साखळीत गुंतलेली होती. यांपैकी कोणतेही एक कारण काढून घेतले तर उरलेल्यांचा परिणाम तसाच राहिला नसता.

सरकारने चौकशी आयोग नेमला. सरकारी साऱ्याची पातळी हे दंग्यांचे कारण आहे काय, हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आलेल्या त्याच्या अहवालाचा एकूण रोख सावकारावर होता. सरकारची मागणी हे मूळ कारण नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने शेतकऱ्याला काही संरक्षण दिले, हे खरे. परंतु चौकशी करणाऱ्या सत्तेने कारणांच्या यादीतून स्वतःला वगळले होते. सावकार दोषी होता, म्हणून अहवाल खोटा म्हणता येत नाही. तो अपुरा होता. रॉल्स यांच्या मांडणीचा दोष नेमका याच जातीचा आहे. देशांतर्गत कारणे खरी असतात, पण ती सांगणारा बाहेरचा असेल तेव्हा यादी कोठे थांबवली आहे हे पाहावे लागते.

नौरोजी आणि फुले

कारणमीमांसेच्या या वादात महाराष्ट्रातील दोन विचारवंतांचा उल्लेख अपरिहार्य आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर मुंबईत निबंध वाचला आणि पुढे १९०१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे त्यांनी सरकारी आकड्यांच्याच आधारे मांडले आणि संपत्तीच्या निःसारणाकडे बोट दाखवले. आयोगाने जे कारण वगळले होते, ते नौरोजींनी केंद्रस्थानी आणले. मात्र सरासरीच्या स्वरूपामुळेच त्यांच्या आकडेवारीत देशातील देशात कोण कोणाला लुटतो हे दिसत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात ही उणीव भरून निघते. धर्मविधींच्या निमित्ताने होणारी शेतकऱ्याची लूट, कुळकर्ण्यापासून कचेरीतील कारकुनापर्यंतची साखळी, जंगलखात्याचे निर्बंध, साऱ्याचा बोजा आणि गोऱ्या अंमलदारांचे ऐषआरामी जीवन व भारी पगार या सर्वांचा जोतीराव एकत्रित विचार करतात. परकी सत्ता आणि देशी मध्यस्थ ही त्यांच्या दृष्टीने एकाच यंत्रणेची दोन चाके आहेत. अंमलदार आळशी असल्यामुळे कारकुनाचे फावते आणि कारकुनामुळे अंमलदाराला शेतकरी दिसत नाही. उपाय सुचवतानाही ते शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण, तलाव-बंधारे, रिकाम्या वेळी लष्कर व पोलीस यांच्याकडून ताली बांधून घेणे अशी नेमकी कामे नेमक्या खात्यांच्या गळ्यात बांधतात. कारण बाहेरचे की आतले, हा आजच्या चर्चेतील पेच जोतीरावांनी जणू अमान्यच केला आहे.

कापसाची आजची साखळी

ही साखळी आजही तुटलेली नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरच्या तडजोडीने वाद मिटला. याच प्रश्नावर बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गरीब राष्ट्रांनी २००३ मध्ये एकत्रित मागणी मांडली. ब्राझीलपाशी खटला लढवण्याची आणि प्रत्युत्तर म्हणून निर्बंध लादण्याची ताकद होती. या चौघांपाशी ती नव्हती. नियम सर्वांना एकच असला तरी तो वापरण्याचे सामर्थ्य समान नसते, हे येथे स्पष्ट होते. पोगे यांच्या भूमिकेला हा दाखला बळ देतो.

परंतु आतली बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेने भारतीय मालावर वाढीव आयात शुल्क लादले त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, भारत सरकारने वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस बाजारात येण्याचे दिवस याच काळात येतात. वॉशिंग्टनमधील निर्णयाचा भार दिल्लीतील निर्णयाने कोणाकडे सरकला, हे पाहिल्याशिवाय यवतमाळच्या शेतकऱ्याच्या भावाची मीमांसा पूर्ण होत नाही.

दया, साहाय्य आणि हमी

कारणे साखळीत असतील तर जबाबदारीचे काय? सर्वच जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही, हा धोका येथे उघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये श्रीमंत राष्ट्रांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकाससाहाय्य म्हणून द्यावी, असे लक्ष्य ठेवले. नॉर्वे, स्वीडन यांसारखी मोजकीच राष्ट्रे ते गाठू शकली. न गाठणाऱ्यांना जाब विचारण्याची सोय नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका आदेशाने परदेशी साहाय्य गोठवण्यात आले आणि १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ ही संस्था बंद झाली. औषधे आणि अन्न ज्यांच्यापर्यंत पोहोचत होते, त्यांना हा निर्णय आव्हानित करण्याचे कोणतेही व्यासपीठ उपलब्ध नव्हते. देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असलेले कर्तव्य सिंगर म्हणतात तितके कठोर असले, तरी घेणाऱ्याच्या हातात त्याचा दाखला नसतो.

याउलट, सिंगर यांनी निबंध लिहिला त्याच १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सधन वर्गाच्या उपभोगाला कात्री लावून ग्रामीण रोजगाराची कामे काढावीत, असे त्यांनी सुचवले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात झालेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, अशी ही हमी होती. तिच्या निधीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करण्यात आला.

या योजनेत बोगस हजेरीपट होते, मजुरीला विलंब होता आणि अर्धवट कामे होती. २००५ मध्ये केंद्रीय कायद्याने ही कल्पना देशभर नेली, तरी हे दोष तिच्याबरोबर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. म्हणजे हमी हीदेखील अढळ नसते. तरीही एक मूलभूत फरक राहतोच. हमी बदलण्यासाठी विधिमंडळात वा संसदेत यावे लागते, तिच्यावर मोर्चे निघतात, न्यायालयात दाद मागता येते. काम मागणाऱ्या मजूर स्त्रीला कोणत्या कचेरीच्या दारात उभे राहायचे हे ठाऊक असते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, जागतिक दारिद्र्याची बाह्य आणि अंतर्गत कारणे परस्परांना पर्याय नसून परस्परांना वाट करून देणारी आहेत. दोन, कारणमीमांसा करणारा स्वतः साखळीतील कोणत्या दुव्यावर उभा आहे, हे तपासल्याखेरीज ती मीमांसा स्वीकारू नये. हा निकष रॉल्स यांना लागू होतो तसाच आपल्या शासनकर्त्यांनाही. तीन, उत्तरदायित्व म्हणजे केवळ अपराधभाव किंवा करुणा नव्हे. ज्याच्याकडे दाद मागता येईल अशी व्यक्ती, संस्था आणि मुदत ठरलेली असेल तरच त्याला उत्तरदायित्व म्हणावे. जागतिक पातळीवर असा पत्ता अद्याप निर्माण झालेला नाही आणि पोगे यांच्या युक्तिवादाची पुढची पायरी तीच असायला हवी.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा विषय केवळ अभ्यासक्रमातील एक घटक नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची कपात दिसते. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचा पगारदारांवर हक्क आहे, हे मान्य करून एका राज्याने हा कर सुरू केला होता. त्या रकमेचे आज काय होते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो आपण किती वेळा बजावला, याचा विचार व्हावा.