'कोड' आणि 'कोढ' : त्वचारोगांच्या भाषांतरातील जवळचे शब्द

मराठीतील 'कोड' आणि हिंदीतील 'कोढ' ही संस्कृत 'कुष्ठ' या एकाच शब्दाची अपत्ये. उच्चारात फरक काय तो एका महाप्राणाचा. अर्थ मात्र आज पार वेगळे. मराठी माणूस 'कोड' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात त्वचेचा रंग जाऊन पडलेले पांढरे डाग असतात, आणि तो विकार मुळी संसर्गाचा नव्हे. हिंदी भाषक 'कोढ' म्हणतो तेव्हा त्याला जंतूंमुळे होणारा कुष्ठरोग अभिप्रेत असतो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कृष्णपुऱ्यातल्या एखाद्या औषधाच्या दुकानात आजी सहज 'नातीला कोड आहे' असे म्हणाली आणि भोवतालच्यांनी ते हिंदी कानांनी ऐकले, तर त्या मुलीला चिकटलेला शब्द पुसणे सोपे नाही. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे २०१९ पर्यंत घटस्फोटाचे एक कारण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका अक्षराची किंमत कळते.

या गोंधळाचे मूळ जुने आहे. आयुर्वेदातील 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशा अठरा प्रकारांत दद्रू येतो, म्हणजे आपला नायटा. खाजरी पामा येते, विचर्चिकाही येते. श्वित्र, म्हणजे आपले कोड, या कुळाच्या शेजारी बसवलेले आहे. यावरून भाषांतरकाराने घ्यायचा बोध आमच्या मते असा : इंग्रजी 'लेप्रसी'साठी आज 'कुष्ठरोग' लिहिणे योग्य आहे, पण प्राचीन ग्रंथात 'कुष्ठ' दिसताच त्याचे इंग्रजी 'लेप्रसी' करणे चूक आहे. जाण्याचा रस्ता येण्यास चालत नाही. हे भान न ठेवल्यामुळे आपल्या पूर्वजांच्या साध्या खरजेलाही महाव्याधीचे रूप देणारी भाषांतरे वाचायला मिळतात. युरोपातही हेच घडले. हिब्रू धर्मग्रंथातील 'त्साराअत' या व्यापक शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी 'लेप्रा', म्हणजे खवल्यांचा विकार, हा शब्द योजला, आणि पुढे तेच नाव कुष्ठरोगाला चिकटले. खुद्द कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य 'एलिफन्टियासिस' म्हणत. ते नाव आता हत्तीरोगाकडे गेले आहे.

'महारोग' या शब्दाचा प्रवासही असाच आकुंचनाचा. वाग्भटाने वातव्याधी, अश्मरी, कुष्ठ, मेह, उदर, भगंदर, अर्श आणि ग्रहणी अशा आठ रोगांना 'महा' ही पदवी दिली. मराठीत ती एकट्या कुष्ठाकडे राहिली. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यास स्थापन केलेल्या 'महारोगी सेवा समिती'च्या नावात हा शब्द आहे आणि त्याला त्या कार्याने प्रतिष्ठा दिली. ते नाव बदलावे असे कोणी म्हणणार नाही. नव्या लेखनात मात्र 'महारोग' टाळावा असे आम्हांस वाटते. हान्सेनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार रूढ झाला आणि रोग सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी बरा होऊ लागला. बऱ्या होणाऱ्या रोगास 'महा' म्हणत राहणे म्हणजे रुग्णाला उगाच भिवविणे.

हिंदीवरून उतरवलेल्या आरोग्यपत्रकांत आणखी एक सापळा असतो. कुष्ठरोगाची खूण म्हणून हिंदीत 'सुन्न दाग' असे लिहितात. मराठीत 'सुन्न' होते ते मन. घाईचा भाषांतरकार एक तर 'सुन्न डाग' असे ठेवून देतो किंवा विशेषणच गाळून नुसते 'पांढरे डाग' लिहितो. आणि हे दुसरे अधिक घातक, कारण त्यामुळे कोड असलेला माणूस अकारण धास्तावतो. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि तेथे स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, पण संवेदना शाबूत. तेव्हा सारा अर्थ त्या गाळलेल्या विशेषणात आहे. 'बधिर चट्टा' हे दोन शब्द मराठीत तयार असताना शोधाशोध कशाला?

'काळपुळी'चे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. एकत्र आलेल्या अनेक गळवांचे मोठे, ठणकणारे गळू म्हणजे कार्बंकल, त्याला आपण काळपुळी म्हणतो. जनावरांपासून माणसास होणाऱ्या अँथ्रॅक्सच्या काळ्या खपलीच्या, बहुधा न दुखणाऱ्या व्रणालाही तेच नाव मिळाले. दोष एकट्या मराठीचा नाही : ग्रीक 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा, लॅटिन 'कार्बंक्युलस' म्हणजे लहानसा कोळसा. फ्रेंचमध्ये तर आजही 'अँथ्रॅक्स' म्हणजे कार्बंकल, आणि खऱ्या अँथ्रॅक्सला ते 'शार्बाँ', म्हणजे कोळसाच, म्हणतात! मराठीत फरक दाखविण्यासाठी दुसऱ्यास 'सांसर्गिक काळपुळी' म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो पटत नाही. अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाला क्वचितच होतो. उलट साध्या काळपुळीतील पुवाचे जंतू हातांनी, टॉवेलांनी सहज पसरतात. विशेषण लावले ते चुकीच्या रोगास. येथे 'अँथ्रॅक्स' हा परका शब्दच प्रामाणिक ठरतो.

उरली बाजारातली 'दाद-खाज-खुजली'. मलमांच्या जाहिरातींनी हे तीन शब्द असे एका दमात म्हणायला शिकवले, की त्यांत भेद असल्याचेही कुणाला स्मरत नाही. (मराठी कानाला त्यातली 'दाद' मैफलीतली वाटते, ते निराळेच.) दाद हा बुरशीचा नायटा; हिंदी 'खाज' आणि 'खुजली' ही कधी नुसत्या लक्षणाची, कधी किड्यामुळे होणाऱ्या खरजेची नावे; मराठी 'खाज' मात्र केवळ लक्षण. बुरशीवरचे औषध खरजेस लागू पडत नाही. खरजेत तर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते, कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. त्या सूचनेत 'खरूज'ऐवजी 'खाज' असे छापले गेले, की ज्याला खाजते तेवढाच औषध लावतो आणि पंधरा दिवसांनी शेजारी झोपणाऱ्या भावंडाकडून ती पुन्हा त्याच्याच बोटांच्या बेचक्यांत परत येते.