‘श्रोता’ ही संज्ञा आणि संदेशव्यवस्थेचा कारभार

‘जावा मेसेज सर्व्हिस’ या विनिर्देशाची पहिली आवृत्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत संदेश स्वीकारणाऱ्या घटकास ‘लिसनर’, म्हणजे श्रोता, असे नाव दिलेले आहे. वस्तुतः हा श्रोता कान लावून बसलेला नसतोच. रांगेवर लक्ष ठेवण्याचे काम सर्व्हर करतो आणि संदेश आला की श्रोत्यास ‘ऑन-मेसेज’ अशी हाक घालतो. २००१ च्या ‘मेसेज-ड्रिव्हन बीन’पासून ही व्यवस्था अॅप्लिकेशन सर्व्हरमध्ये रूढ झाली.

नावातील ही शिथिलता निरुपद्रवी मानता आली असती. परंतु तिचा भुर्दंड प्रशासकास पडतो. आयबीएमच्या ‘वेबस्फिअर’ सर्व्हरातील ‘लिसनर पोर्ट’चे उदाहरण घ्यावे. यात जाळ्यावरील पोर्ट मुळीच नाही. कोणत्या जोडणीने, कोणत्या रांगेतून आलेला संदेश कोणत्या बीनकडे द्यावयाचा, एवढीच ती नोंद आहे. तिच्यात कमाल पुनःप्रयत्नांची एक संख्या असते व ती मूलतः ० ठेवलेली असते. एखाद्या संदेशावरील प्रक्रिया फसली, व्यवहार मागे घेतला गेला, की संदेश रांगेत परततो आणि पोर्ट पहिल्याच अपयशावर बंद पडते. सर्व्हर चालू, अनुप्रयोग चालू, आणि रांग मात्र वाढत जाते! ग्राहकाची मागणी त्या रांगेत अडकलेली असते, याची वार्ता कोणासही नसते.

यावर उपाय आहे. रांगेच्या बाजूस, ‘एमक्यू’मध्ये, माघारीची मर्यादा ठरवता येते, ती पुनःप्रयत्नांच्या संख्येपेक्षा कमी ठेवल्यास सदोष संदेश वेगळ्या रांगेत जातो व पोर्ट चालू राहते. मात्र या दोन संख्या दोन भिन्न ठिकाणी, बहुधा दोन भिन्न माणसांच्या हाती असतात. त्यांचा परस्परसंबंध ‘श्रोता’ या शब्दातून सूचितही होत नाही. थांबणे हे सर्वस्वी गैर आहे, असे मात्र नव्हे. डेटाबेसच बंद असेल तर प्रत्येक संदेश फसणार. अशा वेळी थांबणेच शहाणपणाचे. तेव्हा शून्याचे समर्थन करता येईल, नावाचे नाही.

२००३ च्या ‘जे-टू-ईई’ १.४ बरोबर ‘अॅक्टिव्हेशन स्पेसिफिकेशन’ आले. वेबस्फिअरच्या २००८ मधील सातव्या आवृत्तीपासून लिसनर पोर्टऐवजी त्याचाच पुरस्कार होऊ लागला. नाव बोजड खरे, पण ते कराराचे नाव आहे, कानाचे नाही. तेथे ‘सलग’ अपयशे मोजून स्वीकार स्थगित करण्याची सोय आहे. माघारीची मर्यादा योग्य असेल, तर हे एक विशेषण एकट्या सदोष संदेशास सार्वत्रिक बिघाडापासून वेगळे काढते.

मराठीत ‘कानावर घालणे’, ‘ऐकून घेणे’ आणि ‘ऐकणे’ यांत चढती जबाबदारी आहे. ‘तो माझे ऐकत नाही’ म्हणताना कोणी बहिरेपणाची तक्रार करीत नसतो. तरीही आपल्या परिभाषाकारांनी येथे ‘श्रोता’ स्वीकारू नये, असे मला वाटते. पेढीपासून टपालकचेरीपर्यंत रुळलेला ‘पोच’ हा शब्द आपणाजवळ आहे. संदेश हाती पडला आणि संदेशाची पोच दिली, या दोन घटनांतील अंतरातच पुनःप्रयत्न, माघार आणि स्थगिती हा सारा कारभार चालतो.