शिवणीतली माया

पुरुषांनी अंगाला नीट बसणारे, बऱ्यापैकी टिकणारे कपडे कुठे घ्यावेत? हा प्रश्न मित्रांच्या कुठल्याही ग्रुपवर टाकून बघा. पाच मिनिटांत दहा उत्तरं येतील. युनिक्लो. झुडिओ, स्वस्तात मस्त. सेलमध्ये लुई फिलिप. कॅम्पात फॅशन स्ट्रीट. लक्ष्मी रोड, पण पार्किंगचं बघ. कुणीतरी एखादी ऑनलाइन लिंक फेकेल आणि खाली लिहील, ‘एक साइज मोठा घे.’

या उत्तरांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ‘तुझे खांदे किती इंच आहेत?’ असं उलट कुणीच विचारत नाही. विचारलं असतं तरी आपल्याला सांगता आलं नसतं. मोबाइलची रॅम, बाइकचं मायलेज, सीटीसीतला व्हेरिएबल पे आपल्याला तोंडपाठ असतो. स्वतःच्या खांद्याचं माप मात्र फक्त शाळेच्या गणवेशासाठी कुणीतरी वहीत लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की पुरुषांच्या कपड्यांबद्दलची आपली सगळी चर्चा दुकानाच्या पत्त्यावर अडकली आहे. बाजारालाही ती तिथेच अडकलेली हवी आहे.

शर्टापासून सुरुवात करू. फॉर्मल शर्टाच्या कॉलरमागे ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात. बहुतेकांना वाटतं, हे छातीचे इंच. पण मग ३९ कुठून आला? पँटमध्ये तर विषम आकडे सहसा दिसत नाहीत. खरं म्हणजे हे कॉलरच्या घेराचे सेंटीमीटर आहेत. ४० नंबरचा शर्ट म्हणजे ४० सेंटीमीटर, साधारण पावणेसोळा इंच गळ्याचा शर्ट. टाय लावणाऱ्या युरोपी माणसासाठी गळ्याचं माप महत्त्वाचं होतं, म्हणून ही पद्धत. आपण टाय लावतो तो कॅम्पस इंटरव्ह्यूला आणि फार तर लग्नात. तरीही आपल्या छातीचा, पोटाचा, बाहीचा अंदाज कंपनी गळ्यावरून बांधते. टी-शर्टावर मात्र तोच ४० बहुतेकदा छातीचे इंच म्हणून येतो. एकच आकडा, दोन अर्थ, आणि लेबलवर एककच नाही. कोडमध्ये असा व्हेरिएबल कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये तो पहिल्यांदा परत पाठवला जाईल.

पँटचं बरं असेल म्हणावं, तर तिथे इंच लिहिलेले असूनही ते इंच असतीलच असं नाही. २०१० मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने अमेरिकन दुकानांतल्या ३६ इंची पँटा टेपने मोजल्या. ओल्ड नेव्हीची ‘३६’ प्रत्यक्षात ४१ इंच निघाली. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं, म्हणून कंबर वाढवायची आणि आकडा तोच ठेवायचा. आपण साइज विकत घेतो असं आपल्याला वाटतं. दुकानदार त्यासोबत थोडी खुशामतही विकत असतो.

तयार साइजची कल्पना मोठी झाली ती सैन्यामुळे. १८६० च्या दशकात अमेरिकन यादवी युद्धात हजारो गणवेश घाईने लागले, सैनिकांची मापं गोळा झाली आणि त्यातून ठरावीक साइज बनल्या. सैन्यासाठी ते ठीकच होतं. गणवेश ढगळ असला तरी युद्ध थांबत नाही. पुढे मात्र सैन्यालाच या पद्धतीचा तोटा कळला. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास, म्हणजे मधल्या ३० टक्क्यांत बसणारे वैमानिक किती, ते मोजलं. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. हवाई दल आणखी अचूक सरासरी शोधत बसलं नाही. त्यांनी विमानं बनवणाऱ्यांना सांगितलं, सीट मागे-पुढे सरकली पाहिजे. माणूस बसत नसेल तर सीट हलवा.

आपल्याकडे अजून सरासरीवरच काम चालू आहे. भारतातले बरेच ब्रँड ब्रिटिश आणि अमेरिकन तक्त्यांवरून, त्यात थोडी भर-घट करून साइज ठरवत आले. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी म्हणूनच ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प आखला: सहा शहरांत, १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची आणि भारतीय तक्ता बनवायचा. चांगलं काम आहे. परदेशी सरासरीपेक्षा देशी सरासरी केव्हाही बरी. पण डॅनियल्सचा शून्य त्यातूनही गायब होणार नाही. शिलाँगच्या आणि मुंबईच्या पोराला एकाच ‘एम’मध्ये बसवायचं म्हटलं की कुणाच्या तरी बाहीची लांबी चुकणारच.

आता दुकानं एकेक करून बघू.

मॉलमधले फॉर्मल ब्रँड. यांचं कापड साधारण बरं असतं, कॉलरचं फ्यूजिंग लवकर फुगत नाही, टाके बारीक असतात. यांची अडचण कटमध्ये आहे. ‘स्लिम’, ‘सुपर स्लिम’, ‘रेग्युलर’ अशा तीन पेट्या असतात. ज्याचे खांदे रुंद आणि पोट सपाट, त्याच्यासाठी पहिल्या दोन. बाकी जग तिसरीत. आठ तास खुर्चीत बसून ज्याचे खांदे पुढे झुकलेत आणि पोट थोडं पुढे आलंय, असा माणूस या ब्रँडचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असेल, पण त्याच्या नावाची पेटीच नाही.

फास्ट फॅशन. इथे कपडा दिसतो छान, कारण तो आरशासाठी शिवलेला असतो. शिवण उलटी करून बघा. इंचाला आठ-दहा टाके, कडेला ओव्हरलॉक आणि त्यापलीकडे कापड संपलेलं. चांगल्या शर्टात इंचाला सोळा-अठरा टाके सापडतात. पण पाचशे रुपयांच्या शर्टाकडून ती अपेक्षा धरणं हाही अन्यायच. झुडिओने छोट्या शहरातल्या पोरांना पहिल्यांदा पगाराआधी फॅशन परवडवून दिली, हे मान्य करायला हवं. पण परवडणं आणि बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ओव्हरसाइझ्ड’ची लाट आली तेव्हा कंपन्यांचं काम आणखी सोपं झालं. जे कुणालाच बसायचं नाही, ते सगळ्यांनाच बसतं.

ऑनलाइन. इथे अल्गोरिदम साइज सुचवतो. तो कसा शिकतो? तुम्ही काय ठेवलं आणि काय परत केलं यावरून. पण आपण कपडा ठेवतो तो बसला म्हणूनच असं नाही. परत करायचा कंटाळा आला, उद्या लग्न आहे, एवढं चालतंय, अशी शंभर कारणं असतात. अल्गोरिदमला हे सगळं ‘बसला’ म्हणून दिसतं. आपला कंटाळा त्याच्या डेटात समाधान म्हणून जमा होतो.

फॅशन स्ट्रीट, मुंबईची असो की पुण्याची. इथे खरोखरचा एक्सपोर्टचा माल मिळतो, नकली लेबलाचाही मिळतो. कापडाची पारख असणाऱ्याला इथे लॉटरी लागते. ट्रायल रूम मात्र नसते. म्हणजे ज्याला आपली मापं माहीत आहेत त्याच्यासाठीच हा बाजार आहे, आणि आपण तर ती शाळेच्या वहीत सोडून आलो.

राहिला शिंपी. त्याच्याबद्दल हळवं व्हायला मला आवडत नाही, कारण शिंप्यांनीही पुरुषांना कमी त्रास दिलेला नाही. ‘मंगळवारी या’ म्हणजे कुठला मंगळवार, हे कधी कळलं नाही. कुणाचंही माप घेतलं तरी कापायचा साचा एकच, आणि शाळेतल्या पोराचा शर्ट ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून तंबू. तयार कपड्यांनी त्याला हरवलं त्यात त्याचा स्वतःचा वाटा आहे. आज चांगल्या शिंप्याची एका शर्टाची शिलाई झुडिओच्या अख्ख्या शर्टाएवढी होते. कापड वेगळं. हा हिशोब कुणालाही कळतो.

तरीही एक काळ असा होता की उद्योगालाच शिंप्याची गरज होती. १९९५ च्या सुमारास अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ आणलं: न शिवलेली जीन्स. डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि लेबल एका पाकिटात. पाकीट घ्या, गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्या. ब्रँड कंपनीचा आणि माप तुमचं. मला ही भारतीय कपडे बाजारातली सगळ्यात हुशार कल्पना वाटते. कारण तिने कबूल केलं होतं की गिऱ्हाइकाचं अंग कंपनीपेक्षा नाक्यावरच्या शिंप्याला जास्त माहीत आहे.

याच्या उलट रेमंडची जाहिरात बघा. ठाण्याची, १९२५ पासूनची कंपनी. ‘द कम्प्लीट मॅन’ आणि मागे शूमानची ती धून. त्या जाहिरातींचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच आहे. बाळाला खेळवणारा, गुरुजींना विसरून न जाणारा पुरुष नव्वदच्या दशकात पडद्यावर दुर्मीळच होता. पण एक गंमत पाहा. रेमंडची ओळख मुख्यतः सुटिंगच्या कापडाची. म्हणजे तो सूट कुणीतरी मापं घेऊन, कच्चं करून, ट्रायल देऊन शिवला असणार. तो माणूस आपल्या आठवणीतल्या त्या जाहिरातींत कुठेच नाही. कम्प्लीट मॅन सूट घालूनच जन्माला आल्यासारखा दिसतो. आपण त्यातून हळवेपणा शिकलो हे चांगलंच, पण सोबत हेही शिकलो की खऱ्या पुरुषाला कपडे आपोआप बसतात. न बसले तर दोष अंगात आहे.

हा दोष घेऊन आपण जगतो, आणि तो स्वस्तात पडत नाही. प्लेसमेंटच्या आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजचं कुठलंही हॉस्टेल आठवा. ज्यांनी आयुष्यात फॉर्मल घातले नाहीत अशी दोनशे पोरं एकाच वेळी पांढरा शर्ट आणि काळी पँट घेऊन येतात. बाही अंगठ्यापर्यंत, खांद्याची शिवण दंडावर. समोर बसलेला माणूस तोंड उघडण्याआधीच ओळखतो, हा कुठून आलाय. पोरालाही ते कळतं. त्याला वाटतं, आपण बारीक आहोत, आपण गावठी आहोत, आपल्याला हे शोभत नाही. शर्टाची बाही दीड इंच जास्त आहे आणि ती अर्ध्या तासात कमी होते, हे त्याला कुणी सांगत नाही.

बायकांना हे माहीत असतं. आपली आई ब्लाउज आणायला गेली की शिंप्याशी कशी बोलते ते ऐका. ‘मुंढ्यात ओढतोय.’ ‘गळा पसरलाय.’ ‘टक्स अर्धा इंच वर घ्या.’ तिच्याकडे शब्द आहेत. चूक कपड्याची आहे हे ती गृहीत धरते आणि ती दुरुस्त करून घेते. आपण गेलो की संवाद असा होतो:

‘काका, जरा फिटिंग करा.’

‘किती आत घेऊ?’

‘बघा तुम्हीच. नॉर्मल ठेवा.’

नॉर्मल म्हणजे काय, हे काकांनाही माहीत नसतं. डॅनियल्सने तर मोजून दाखवलं होतं की ते नसतंच.

याच आईकडे आणखी एक शब्द आहे: माया. शिवताना कडेला जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, ती माया. अंग वाढलं की उसवायचं आणि सैल करायचं. ‘थोडी माया ठेवा हो’ हे वाक्य तिने शेकडो वेळा म्हटलेलं असतं. हवाई दलाने जी सरकती सीट मागितली, तीच ही. कपड्याने माणसासाठी बदलायची सोय. तयार कपड्यांत पहिली काटछाट होते ती मायेची, कारण लाखभर शर्टांत प्रत्येकी अर्धा इंच वाचवला तर थानच्या थान उरतात. म्हणून तयार शर्ट लहान करता येतो, मोठा करणं जवळजवळ अशक्य. आपण जाड झालो की तो फेकायचा आणि नवा घ्यायचा. धंदा असाच चालतो.

तेव्हा ‘कुठे घ्यावेत’ याचं माझं उत्तर दोन पत्त्यांचं आहे. पहिला पत्ता कुठलाही चालेल, तुमच्या खिशाला झेपेल तो. तिथे फक्त दोन गोष्टी बघा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, कारण खांदा दुरुस्त करणं महाग आणि अवघड. आणि कपडा उलटा करून टाके आणि माया बघा. कंबर, बाही, लांबी, पँटची मोहरी, हे सगळं नंतर करता येतं. कॉटन असेल तर आधी घरी धुवा. पहिल्या धुण्यात तो आटतो, आणि आटायच्या आधी अल्टर केलेला शर्ट वाया जातो.

दुसरा पत्ता त्या ग्रुपवर कुणीच टाकत नाही. लक्ष्मी रोडच्या कुठल्याही बोळात, दादरला एखाद्या जिन्याखाली, तुमच्या सोसायटीबाहेर टपरीएवढ्या जागेत एक मशीन घेऊन बसलेला अल्टरवाला. त्याच्याकडे इन्स्टा पेज नाही, बऱ्याचदा पाटीही नाही. हजाराच्या शर्टावर शे-दीडशे त्याला दिले तर तो शर्ट तीन हजारांच्या शर्टापेक्षा अंगावर बरा दिसतो. त्याच्यासमोर शर्ट घालून उभे राहा. ‘नॉर्मल’ म्हणू नका. ‘बाही मनगटाच्या हाडापर्यंत, कमरेत दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच आत, आणि कापू नका, माया आत ठेवा’ असं सांगा.

आणि एकदा त्याच्याकडूनच पूर्ण माप घ्या. खांदा, छाती, पोट, सीट, बाही, गळा, मांडी. फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी हा प्रश्न टाकला की दुकानाचं नाव सांगायच्या आधी त्याला त्याचे खांदे विचारा.