अमेरिकन मातीतले ग्रीक पाताळ : 'हेडीसटाउन' आणि कथानक-अल्बमची स्थिती

ऑपेरा हा नाट्यप्रकार युरोपात जन्माला आला तेव्हा त्याने हाताळलेले पहिले महत्त्वाचे कथानक ऑर्फियसचे होते. १६०० साली फ्लॉरेन्समध्ये पेरीचा 'युरिडिसी' सादर झाला, १६०७ मध्ये मांतुआत मोंतेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' आला आणि १७६२ मध्ये व्हिएन्नात ग्लुकने तीच कथा पुन्हा घेतली. व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'च्या चौथ्या आणि ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसेस'च्या दहाव्या सर्गात सांगितलेल्या या कथेत मृत पत्नीच्या शोधात पाताळात उतरलेला गायक आपल्या गाण्याने तिथल्या राजाचे मन वितळवतो, तिला घेऊन निघतो आणि मागे वळून पाहायचे नाही ही अट मोडल्यामुळे तिला पुन्हा गमावतो. गाण्याच्या सामर्थ्याविषयीची ही कथा संगीतकारांना वारंवार खुणावत राहिली यात नवल नाही. मात्र ती संगीतकाराला अडचणीतही टाकते, कारण ज्या गाण्याने मृत्यूचा राजा द्रवला ते गाणे संगीतकाराला प्रत्यक्ष रचून श्रोत्यांपुढे ठेवावे लागते. २०१० साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील गीतकार-गायिका अनाईस मिचेल यांनी 'हेडीसटाउन' या अल्बममध्ये हे धाडस केले, आणि त्यासाठी ऑपेराची किंवा वाद्यवृंदाची भाषा न घेता आपल्या देशातील रूट्स संगीताची भाषा घेतली.

रूट्स संगीत ही एक सैल संज्ञा आहे. ॲपलेशियन डोंगरांतली स्कॉटिश-आयरिश वळणाची कथागीते, फिडल आणि बँजोवर चालणारे जुने तंतुवाद्यमेळ, गुलामगिरीच्या काळात घडलेली स्पिरिच्युअल्स ही भक्तिगीते, त्यांच्या पुढच्या पिढीचे गॉस्पेल, मिसिसिपीच्या खोऱ्यातले ब्लूज, रेल्वेमार्ग आणि तुरुंगातल्या मजुरांची श्रमगीते, न्यू ऑर्लिन्सचा आरंभीचा जॅझ आणि या सर्वांतून पुढे वाढलेले कंट्री संगीत, असा मोठा पसारा तिच्यात मोडतो. अभिजात संगीतकारांनी या पसाऱ्याकडे पूर्वीही पाहिले होते. १८९२ ते १८९५ या काळात न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुखपद भूषवणाऱ्या ड्वोर्झाक यांनी अमेरिकन संगीताचा पाया आफ्रिकन-अमेरिकन गाण्यांवर उभा राहावा असे प्रतिपादन केले. गर्श्विन यांनी १९३५ च्या 'पोर्गी अँड बेस'ला लोक-ऑपेरा म्हटले. कोपलंड यांनी १९४४ च्या 'ॲपलेशियन स्प्रिंग'मध्ये शेकर पंथीयांची एक साधी चाल वाद्यवृंदाच्या हाती दिली. या साऱ्या प्रयत्नांत लोकसंगीत हा कच्चा माल होता आणि त्याला घाट देण्याचा अधिकार मैफलीच्या परंपरेकडे होता. येथे विचार करायचा आहे तो उलट दिशेच्या प्रवासाचा, म्हणजे कथा अभिजात ग्रंथांतून आली आणि तिला घाट दिला तो रूट्स संगीताने, अशा थोड्याच कृतींचा.

अशा कृतींत पहिला मान ली ब्रूअर आणि बॉब टेलसन यांच्या 'द गॉस्पेल ॲट कॉलोनस'ला द्यावा लागतो. १९८३ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये सादर झालेल्या या प्रयोगात सोफोक्लीसचे 'ईडिपस ॲट कॉलोनस' हे नाटक पेंटेकोस्टल चर्चमधल्या उपासनेच्या रूपात मांडले होते. धर्मोपदेशक कथा सांगतो, गायकमेळ तिला गाऊन प्रतिसाद देतो, आणि अंध ईडिपसची भूमिका 'फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ ॲलबामा' या प्रत्यक्षात अंध गायकांच्या गॉस्पेल चमूने एकत्रितपणे वठवली होती. ग्रीक शोकांतिकेतला कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा समूह, आधुनिक रंगभूमीवर बहुधा अवघडलेला दिसतो. ब्रूअर यांनी त्याचे पुनरुज्जीवन करण्याच्या फंदात न पडता, समूहाने बोलणे जिथे आजही स्वाभाविक आहे अशी जागा शोधली, आणि ती त्यांना कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये सापडली. त्यानंतर २००० साली कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट आला. होमरची 'ओडिसी' १९३७ च्या मिसिसिपीत आणणाऱ्या या चित्रपटाची गाणी टी बोन बर्नेट यांनी चित्रीकरणाआधीच ध्वनिमुद्रित करून घेतली होती, आणि त्या गीतसंग्रहाला पुढे २००२ चा सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रूट्स संगीताला त्यामुळे मोठा श्रोतृवर्ग लाभला हे खरे; पण होमर आणि ही गाणी यांची तिथे गाठ पडते ती ओझरती. जलसुंदरींच्या प्रसंगात, किंवा राल्फ स्टॅन्ली यांनी वाद्याविना गायलेल्या मृत्यूच्या विनवणीत, ती गाठ पक्की बसते, तर इतरत्र गाणी काळाचे वातावरण उभे करतात आणि कथा आपल्या वाटेने चालत राहते.

संकल्पना-अल्बम, म्हणजे एकाच कथेभोवती वा विषयाभोवती गुंफलेल्या गाण्यांचा संच, हा प्रकार सामान्यतः १९६० च्या दशकातल्या रॉक संगीताच्या खात्यावर मांडला जातो. वास्तविक वुडी गथ्री यांची 'डस्ट बोल बॅलड्स' १९४० मध्येच आली होती, आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची कहाणी तिच्यात सलग उभी राहते. विली नेल्सन यांच्या १९७५ च्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर'ने फार थोड्या वाद्यांच्या साथीवर एका खुनी धर्मोपदेशकाची कथा सांगितली. पात्रागणिक वेगळा गायक योजण्याची कल्पना मात्र पॉल केनर्ली या इंग्रज गीतकाराने नेटाने राबवली; १९७८ च्या 'व्हाइट मॅन्शन्स'मध्ये वेलन जेनिंग्ज आणि जेसी कोल्टर, तर १९८० च्या 'द लेजंड ऑफ जेसी जेम्स'मध्ये लेव्हन हेल्म, जॉनी कॅश आणि एमिलू हॅरिस वेगवेगळ्या भूमिकांतून गातात. 'हेडीसटाउन'ची पूर्वपीठिका म्हणून हे दोन अल्बम क्वचितच सांगितले जातात, आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे.

'हेडीसटाउन'ची सुरुवात रंगमंचावरच झाली होती. २००६ मध्ये व्हरमाँटच्या छोट्या गावांत, स्थानिक कलावंतांच्या साह्याने, मायकेल चोर्नी यांच्या वाद्यरचनेसह तिचे पहिले प्रयोग झाले. टॉड सिकाफूस यांच्या निर्मितीखाली अल्बम तयार झाला तो चार वर्षांनी, आनी डिफ्रँको यांच्या 'रायचस बेब' या स्वतंत्र कंपनीतर्फे. त्यात मिचेल स्वतः युरिडिसी, 'बॉन इव्हेर'चे जस्टिन व्हर्नन ऑर्फियस, डिफ्रँको पर्सेफोनी, आयोवाचे जुने लोकगायक ग्रेग ब्राउन पाताळाचा राजा हेडीस आणि 'द लो अँथम'चे बेन नॉक्स मिलर हर्मीस गातात. तिन्ही नियतीदेवता गायल्या आहेत त्या जॅझ बेसवादक चार्ली हेडन यांच्या तिळ्या मुलींनी. यांपैकी बहुतेकजण स्वतंत्र कारकीर्द असलेले गीतकार-गायक आहेत, आणि अल्बमची नाट्यात्मकता याच निवडीवर उभी आहे. ब्राउन यांचा खर्जातला खरबरीत आवाज एखादा शब्द उच्चारण्याआधीच खाणमालकाची सत्ता जाणवून देतो. व्हर्नन यांचा फॉलसेट्टो, म्हणजे पुरुषाचा नैसर्गिक पट्टीच्या वर चढवलेला पातळ आवाज, अनेक थरांत एकमेकांवर ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे ऑर्फियस एकटा गातो तेव्हाही एक लहानसा मेळ गात असल्याचा भास होतो. हा परिणाम ध्वनिमुद्रणालाच साध्य होणारा आहे. रंगमंचावर उभ्या असलेल्या एका नटाला तो जमणे कठीण.

मिचेल यांनी कथा महामंदीच्या छायेतल्या, काळ मुद्दाम निश्चित न केलेल्या अमेरिकेत आणली. येथे युरिडिसीला साप चावत नाही; भुकेला कंटाळून, हेडीसने देऊ केलेल्या सुरक्षिततेच्या मोहाने, ती स्वतःच पाताळाचे तिकीट स्वीकारते. पाताळ म्हणजे भिंतीआड वसलेले कारखान्यांचे आणि खाणींचे शहर. अमेरिकेच्या कोळसापट्ट्यात अशी कंपनीची गावे खरोखरच होती, जिथे घर, दुकान आणि पोलीस तिघेही मालकाचे असत आणि मजुरी पुष्कळदा त्याच दुकानात चालणाऱ्या टोकनांत दिली जाई. केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४० च्या दशकात रचलेल्या 'सिक्स्टीन टन्स'चा विषय ही कर्जाची साखळीच आहे. रूट्स संगीताकडे स्वतःचे पाताळ आधीपासून होते. खाणीत गाडले गेलेले लोक, नरकाकडे धावणारी आगगाडी, बिनभाड्याने मालगाडीत चढणारा भटक्या, मृत्यूशी घासाघीस करणारा वृद्ध, हे सारे त्या गाण्यांत शंभर वर्षे वावरत आले होते, आणि म्हणून हेडीसला तिथे आणताना मिचेल यांना काही आयात करावे लागले नाही. ग्रीक नावे जुन्या घरात राहायला आल्यासारखी बसली. 'ओ ब्रदर'मध्ये जी गाठ अधूनमधून पडते ती येथे सर्वभर आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा 'व्हाय वी बिल्ड द वॉल' या गीतात मिळतो. हेडीस प्रश्न विचारतो आणि मजुरांचा समूह, कीर्तनकाराने टाकलेले ध्रुपद टाळकऱ्यांनी उचलावे तसा, उत्तर देतो; प्रत्येक कडव्यात मागचे उत्तर पुन्हा म्हणून त्यात एक नवी पायरी जोडली जाते. श्रमगीतांत आणि गॉस्पेलमध्ये ही प्रश्नोत्तरांची रीत समूहाला बळ देते, ओझे हलके करते. मिचेल यांनी तीच रीत मालकाच्या तोंडी देऊन तिचा अर्थ उलटा केला. भिंत गरिबीला बाहेर ठेवते, गरिबी म्हणजे ज्यांच्याजवळ काम नाही ते लोक, आणि आपल्याजवळ काम आहे ते भिंत बांधण्याचे, असा तर्काचा वेढा पूर्ण होतो तेव्हा समूहगान हेच दास्याचे साधन झालेले असते. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत सीमेवरच्या भिंतीची भाषा सुरू झाली आणि या गीताला भविष्यवाणी म्हटले गेले. वास्तविक त्याची ताकद रचनेतल्या या उलटापालटीत आहे आणि ती कोणत्याही निवडणुकीवर अवलंबून नाही.

हेडीसला द्रवविणाऱ्या गाण्याचे काय, हा प्रश्न उरतो. मोंतेव्हेर्दीने त्या जागी अलंकृत गायकीचे सर्व वैभव ओतले, तर ग्लुकने साधेपणावर भिस्त ठेवली. मिचेल यांचा ऑर्फियस 'एपिक'च्या दुसऱ्या भागात स्वतःच्या दुःखाविषयी फारसे बोलत नाही. तो हेडीसलाच त्याच्या पर्सेफोनीवरच्या पहिल्या प्रेमाची कथा सांगतो. कथागीताच्या परंपरेला शोभेल अशी ही युक्ती आहे, कारण त्या परंपरेत गायक भावना उघड करीत नाही, घटना सांगून बाजूला होतो. तरीही स्वररचना म्हणून हे गीत कथेने त्याच्यावर टाकलेला भार पेलत नाही, आणि श्रोत्याला जे पटते त्याचे बरेचसे श्रेय व्हर्नन यांच्या आवाजाच्या पोताला द्यावे लागते. याउलट ज्या गाण्यांवर कथेचा एवढा भार नाही ती अधिक मोकळी आहेत. पर्सेफोनी आपल्या चोरट्या गुत्त्यात मजुरांना सूर्यप्रकाश आणि पाऊस यांचे घोट विकते, तेव्हा डिफ्रँको यांची ढंगदार, जॅझकडे झुकलेली गायकी आणि ट्रॉम्बोनचे हुंकार यांतून अल्बमला त्याचे सर्वांत जिवंत क्षण मिळतात.

पुढचा इतिहास यशाचा आहे. रेचेल चावकिन यांच्या दिग्दर्शनाखाली २०१६ मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप, २०१७ मध्ये एडमंटन, २०१८ मध्ये लंडनचे नॅशनल थिएटर आणि १७ एप्रिल २०१९ पासून ब्रॉडवेचे वॉल्टर कर थिएटर असा प्रवास झाला, आणि सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह ८ टोनी पुरस्कार मिळाले. अल्बममध्ये श्रोत्याला स्वतः जोडून घ्यावे लागणारे दुवे रंगमंचावर हर्मीसने सूत्रधार होऊन जोडून दिले, आणि आंद्रे डी शील्ड्स यांनी ती भूमिका संस्मरणीय केली. जे गमावले त्याची चर्चा मात्र कमी झाली. ब्रॉडवेच्या ध्वनिमुद्रणात सर्व गायक एकाच शिस्तीत घडलेले, शब्द सुस्पष्ट फेकणारे आणि भावना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणारे आहेत. त्यामुळे गाण्यांतला खडबडीतपणा, म्हणजे रूट्स संगीताला रूट्स संगीत करणारा गुण, पुष्कळसा घासला गेला. पॅट्रिक पेज यांचा खर्ज ब्राउन यांच्याइतकाच खोल आहे. पण ब्राउन यांच्या आवाजात आळसावलेली सत्ता ऐकू येते, तर पेज यांच्या आवाजात ती सत्ता अभिनयातून उभी केलेली जाणवते.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र रंगमंचाने अल्बमला मागे टाकले. २०१० च्या अल्बममध्ये ब्लूज, श्रमगीत आणि न्यू ऑर्लिन्सचा जॅझ या कृष्णवर्णीय परंपरांवर एवढा भर असूनही प्रमुख भूमिका गाणारे सगळे श्वेतवर्णीय आहेत. दास्याच्या कथेसाठी दास्यातून जन्मलेली सुरावट वापरताना हे मौन खटकते. डी शील्ड्स यांचा हर्मीस आणि ॲम्बर ग्रे यांची पर्सेफोनी यांनी ते काही अंशी भरून काढले. या प्रश्नाला थेट भिडलेला सामूहिक अल्बम २०१९ चा 'साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स' हा आहे. त्यात रिअॅनन गिडन्स, ॲमिथिस्ट काया, लेला मॅकॅला आणि ॲलिसन रसेल या चार कृष्णवर्णीय गायिका, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या हातांनी घडलेला बँजो हाती घेऊन, गुलामगिरीतल्या स्त्रियांच्या कथा सांगतात. ऑपेराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या गिडन्स यांनी पुढे मायकेल एबल्स यांच्यासह 'ओमर' हा ऑपेरा रचला, आणि त्याला २०२३ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

'ओमर' अल्बमच्या वाटेने न येता थेट ऑपेरागृहात आला, हे या प्रकाराच्या आजच्या स्थितीचे एक लक्षण आहे. 'हेडीसटाउन'च्या यशाने कथानक-अल्बमला प्रतिष्ठा दिली आणि त्याच वेळी त्याला रंगमंचाचा कच्चा आराखडा करून टाकले; असा अल्बम आता पुढच्या संगीतिकेची चाचणी म्हणून ऐकला जातो. शिवाय स्ट्रीमिंगच्या सवयीत वीस गाणी क्रमाने ऐकण्याची अपेक्षा धरणे हीच मोठी मागणी झाली आहे. मिचेल यांनी स्वतः अल्बमनंतर निवडलेली वाट लहान आकाराची आहे. २०१३ मध्ये जेफरसन हॅमर यांच्यासह त्यांनी फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या संग्रहातली सात जुनी कथागीते जवळजवळ दोन आवाज आणि दोन गिटार एवढ्यावर गायली, आणि २०२० मध्ये 'बॉनी लाइट हॉर्समन' या त्रयीत त्या पुन्हा पारंपरिक गाण्यांकडे वळल्या. 'चाइल्ड बॅलड्स'मध्ये पात्रांची वाटणी नाही, सूत्रधार नाही, आणि खून, शाप, पाताळवासी प्रियकर हे सारे एका कडव्यातून दुसऱ्यात सहज जाते. 'एपिक'ला जो भार झेपला नव्हता तो या सात गाण्यांवर मुळात टाकलेलाच नाही, आणि मिचेल यांचे गाणे तिथे अधिक निर्धास्त ऐकू येते.