मलबारच्या वाटेवरचे मराठी डोळे

केरळवरची मराठी प्रवासवर्णने आम्ही आवडीने वाचत आलो आहोत. त्यांत कोचीची चिनी जाळी हमखास असतात. सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची कबर, मट्टांचेरीचे १५६८ चे सिनेगॉग आणि डच राजवाडाही असतो. शेवटी ‘मिश्र संस्कृती’ हे शब्द येतात. या मिश्रणात मुसलमान मात्र क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर बिर्याणीच्या ताटापुरता. गामाच्या कबरीपाशी लेखक भारावतात. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज याच गामाने १५०२ मध्ये माणसांसकट जाळले, हे सांगायचे राहून जाते. हा दोष कुणा एका लेखकाचा नाही, पाहण्याच्या सवयीचा आहे.

ही सवय आमच्याही अंगात आहे, हे कोझिकोडला गेल्यावर कळले. कुट्टिचिराच्या तळ्याकाठी मिश्काल मशिदीपुढे उभे राहिलो आणि आम्हीच गोंधळलो. घुमट नाही, उंच मिनार नाही. लाकडी मजले आणि उतरती कौलारू छपरे पाहून एखाद्या जुन्या देवळाची आठवण व्हावी. चौदाव्या शतकात नाखुदा मिश्काल या व्यापाऱ्याने ती बांधली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिला आग लावली. पुढे १५७१ मध्ये सामुतिरी राजाने चालियमचा पोर्तुगीज किल्ला पाडला आणि त्याचे लाकूड या मशिदीच्या दुरुस्तीला दिले, असे तिथे सांगतात. मशिदीभोवतीच्या जुन्या कोया घराण्यांत परंपरेने मुलगी लग्नानंतरही माहेरीच राहते. जावई तिच्या घरी येतो. मिश्र संस्कृती म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या इमारती नव्हेत. ती घराच्या रीतीत आणि घरच्या बोलीत मुरलेली असते.

मराठी वाचकाला मलबारचा मुसलमान ठाऊक आहे तो बहुधा ‘मोपला’ म्हणून, आणि तोही सावरकरांच्या ‘मोपल्यांचे बंड’ या कादंबरीतून. १९२१ च्या त्या उठावात निरपराध हिंदूंवर अत्याचार झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामागे जमीनदारी आणि इंग्रजी राजवट यांचा जाच होता, हेही तितकेच खरे. पण एका वर्षावरून एका समाजाची शतके वाचायची, ही वाचनाची कोणती पद्धत?

याला उत्तर देणारा ग्रंथ त्याच किनाऱ्यावर लिहिला गेला आहे. पोन्नानीचे शेख झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात ‘तुहफतुल मुजाहिदीन’ अरबीत लिहिला. पोर्तुगीजांविरुद्ध लढण्याची हाक त्यात आहे. परंतु ही हाक देणारा आलिम हिंदू सामुतिरीच्या पाठीशी उभे राहायला सांगतो आणि मलबारच्या हिंदूंच्या चालीरीतींवर स्वतंत्र भाग लिहितो. ग्रंथ अर्पण केला आहे विजापूरच्या अली आदिलशहाला. म्हणजे सोलापूरपासून हाकेच्या अंतरावरच्या दरबाराला! तरीही आपल्या इतिहासविषयक लेखनात या ग्रंथाचा उल्लेख आम्हाला फारसा आढळला नाही.

इथवर आमची तक्रार इतरांविषयी होती. आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी कुणी मलबारला गेले की तेही अरब गलबते, प्राचीन मशिदी आणि पूर्वजांचे वैभव शोधत फिरतात. आम्हीही तेच केले. अशा वेळी वैकोम मुहम्मद बशीर (१९०८–१९९४) आठवावेत. आम्ही त्यांना इंग्रजी भाषांतरातून वाचले. त्यांच्या १९५१ च्या कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘माझ्या आजोबांकडे एक हत्ती होता’ असा आहे. हे नावसुद्धा मुसलमान घरातल्या बोलीत आहे. कुंजुपात्तुम्माची आई आयुष्यभर त्या हत्तीचा तोरा मिरवते. घर बुडते, तोरा जात नाही. अखेरीस पोरे तिला चिडवतात की तो हत्ती म्हणजे वाळूत खळगा करून राहणारा किडा होता. मल्याळममध्ये त्या किड्याच्या नावातच ‘हत्ती’ आहे.

बशीर आपल्या समाजाला हसतात, पण त्याच्या घरात बसून हसतात. म्हणून ते हसू अपमान करीत नाही. मुस्लीम मराठी लेखनात घरची बोली वापरावी की प्रमाणभाषा, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो आहोत. बोलीबरोबर स्वतःकडे पाहण्याचे धैर्यही लागते, हे त्या वादात सुटून जाते. इतरांच्या प्रवासवर्णनांत आपण दिसत नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण आपण लिहू त्या प्रवासवर्णनात केवळ आजोबांचा हत्तीच असेल, तर तेही तितकेच अपुरे ठरेल. कुट्टिचिराच्या त्या घरांत आज कोण राहते, मुली काय शिकतात, आखाताची वाट धरलेल्यांच्या मागे घर कोण चालवते, हे विचारायला आम्ही थांबलो नाही. पुढच्या वेळी आधी ते विचारू.