बाणाची ‘कादंबरी’ वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने मला गाठलं. म्हणाली, “सर, बाणभट्टाची ‘कादंबरी’ तीनदा हातात घेतली, दहा पानांपुढे जाता आलं नाही.” म्हटलं, माझं पाचदा झालंय. तर आज त्याबद्दल बोलू.

आपली पहिली फसगत शब्दातच आहे. सातव्या शतकातल्या या ग्रंथाच्या नायिकेचं नाव आपण मराठीत एका सबंध साहित्यप्रकाराला दिलं, आणि आता तिच्याकडे आजच्या कादंबरीचा वेग मागतो. बाण तो देत नाही. पहिल्याच वाक्यात ‘होता’ हे आधी येतं. कोण होता, ते कळायला विशेषणांची मोठी रांग ओलांडावी लागते. मग कळतं, शूद्रक नावाचा राजा.

कॉलेजात असताना मी वर्णनं गाळून गोष्ट वाचली. गोष्ट छानच आहे. पोपट सांगतो, पोपटाला जाबाली ऋषी सांगतात, आणि ऐकत बसलेला राजाच शेवटी गोष्टीचा नायक निघतो. निवृत्तीनंतर मात्र काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी प्रत मिळाली, अकबराच्या काळातल्या भानुचंद्र-सिद्धचंद्रांच्या टीकेसह. रोज अर्धं पान, एवढाच नेम केला. मग अडलो, पण भाषेमुळे नाही.

चांडाळकन्या पोपट घेऊन दरबारात येते. लांब उभी राहून, टोक पिंजलेली वेळूची काठी फरशीवर एकदा आपटते. सगळी राजमंडळी तिकडे वळते. ही काठी बाणाच्या कल्पनेतली नव्हे बरं का. पाचव्या शतकात आलेला फाहियान लिहून गेलाय की, चांडाळ नगरात शिरताना लाकूड वाजवतात, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. पुढे राजा तिचं रूप पाहून थक्क होतो आणि मनात म्हणतो, विटाळाच्या भीतीने ब्रह्मदेवाने हिला हात न लावताच घडवलं असावं. एरवी लावण्य इतकं अम्लान कसं राहिलं असतं?

हे वाक्य आम्हाला उत्प्रेक्षेचं उदाहरण म्हणून शिकवलं होतं. मी परळच्या चाळीत वाढलेला मुलगा. काठी कशाला वाजते, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी मी अलंकार ओळखला, मार्क घेतले, पान उलटलं.

बाण ग्रंथ अर्धवट टाकून गेला. मुलाने तो पुरा केला. त्या उत्तरार्धात ही मुलगी प्रत्यक्ष लक्ष्मी निघते. कथेची गाठ सुटते खरी, पण मला ती सोडवणूक पटत नाही. लक्ष्मी ठरली की तिला लांब उभं केल्याचा हिशेब कुणी मागत नाही. बाणाने मात्र तो काठीचा आवाज आपल्या सगळ्या सोन्यामोत्यांच्या वर्णनात मधोमध ठेवलाय, जाणून की सवयीने, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, सुरुवातीचं काही गाळू नकोस. ती काठी तुझ्या त्या दहाव्या पानाच्या आसपासच आहे.